कंडेन्सिंग बॉयलर: परतीचं पाणी गार आणा

ब्रिटनमधल्या जुन्या ऑफिस इमारतींत एक दृश्य नेहमीचं: कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) नवा कोरा, आणि त्याची कंडेन्सेटची, म्हणजे त्या पाण्याची, नळी कोरडीठाक. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखाली गेली की पाणी होते आणि तेव्हाच तिची उष्णता हाती लागते. परतीचं पाणी, म्हणजे रेडिएटरमधून फिरून बॉयलरकडे येणारं, ६५ अंशांनी येत असेल तर हा महागडा बॉयलर साध्यासारखाच चालणार. ५५ ही नुसती सुरुवात, खरी बचत ४५च्या खाली.

आधी पाण्याचं तापमान उतरवा. समजा रेडिएटर पाणी जाताना ८०, येताना ६० या हिशेबाने बसवलेत, तेही बाहेर उणे ३ असेल तेव्हासाठी. बाहेर १० अंश असताना तेच रेडिएटर ५०च्या पाण्यावर भागवतात, परतीचं पाणी ४२च्या आसपास येतं. म्हणून वेदर कॉम्पेन्सेशन, म्हणजे बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान बदलणारी सोय, चालू करा. त्याचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, खिडक्या आणि एक्झॉस्टपासून लांब हवा. उन्हात लावला की ऑफिसातली माणसं कुडकुडतात, मग कोणीतरी वैतागून सरळ ८० फिक्स करून टाकतं.

नळांच्या गरम पाण्याची टाकी मात्र लिजिओनेला जिवाणूंमुळे ६० अंशांवर ठेवावीच लागते. तिच्यासाठी वेगळा बॉयलर द्या, अख्खी इमारत तापवू नका.

तरीही परतीचं पाणी गरमच? मग चोरवाट शोधा. बहुतेकदा ती लो-लॉस हेडरमध्ये, म्हणजे बॉयलरची आणि इमारतीची पाइपलाइन जोडणाऱ्या उभ्या जाड पाइपात, सापडते. बॉयलरचा पंप इमारतीच्या पंपांपेक्षा जास्त पाणी ढकलत असेल, तर उरलेलं गरम पाणी हेडरमधूनच खाली उतरून परतीत मिसळतं. हेडरच्या चारही पाइपांवर थर्मामीटर बांधा. बॉयलरकडे जाणारं परतीचं पाणी इमारतीकडून आलेल्या परतीच्या पाण्यापेक्षा गरम दिसलं तर बॉयलर पंपाचा वेग उतरवा, पण कंपनीने दिलेल्या किमान प्रवाहाखाली नको. थ्री-वे व्हॉल्व्हही नको असलेलं गरम पाणी थेट परतीत वळवून हाच घोळ घालतात. त्यांच्या जागी पाणी नुसतं अडवणारे टू-वे व्हॉल्व्ह आणि वेग बदलणारा पंप बसवा.

बॉयलर अनेक असतील तर एकाला पूर्ण पिळू नका. सगळे मंद आचेवर चालवा.

कंडेन्सेट आम्लधर्मी असतं, तांबं खातं. नळी प्लास्टिकची, उतार मीटरला ४५ मिलिमीटर. बाहेरून नेलीच तर जाड घ्या आणि लपेटा, नाहीतर नेमकी कडाक्याच्या थंडीत ती गोठते आणि बॉयलर लॉकआउट होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

शेवटी नळीखाली बादली ठेवा. १०० किलोवॅटचा बॉयलर पूर्ण भारावर, परतीचं पाणी ३५ अंश असताना, तासाला १० लिटरच्या आसपास पाणी देतो. पेलाभरच साचलं तर पुन्हा हेडरपाशी जा.