अत्याचारग्रस्त बालकांसाठी मदतयंत्रणा उभारताय? ग्रामीण विदर्भात होणाऱ्या या चुका टाळा

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलामुलींसाठी डॉक्टर, पोलीस, बालकल्याण समिती, समुपदेशक, वकील आणि शिक्षक यांना एकत्र आणायचं ठरलं की सुरुवात बैठकीने होते. समिती बनते, इतिवृत्त लिहिलं जातं, सगळे सह्या करून निघतात. मग शनिवारी रात्री नऊ वाजता एखाद्या ग्रामीण रुग्णालयातून फोन येतो आणि तो कोणी उचलायचा हेच ठरलेलं नसतं. प्रत्येक खात्यात चांगली माणसं असतात, तरी लेकराचे हाल होतात ते दोन खात्यांच्या मधल्या जागेत. म्हणून यंत्रणा नीट चालते का हे तपासायला दोनच प्रश्न पुरतात: घडलेलं पोराला किती जणांपुढे सांगावं लागलं, आणि किती ठिकाणी फिरावं लागलं?

समिती आहे, ड्युटी नाही

तालुकानिहाय एक पानाची यादी करा. महिला डॉक्टर, महिला पोलीस अधिकारी, विशेष बाल पोलीस पथक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर आणि विधी सेवा प्राधिकरण या प्रत्येकाचे दोन नंबर घ्या आणि गैरहजेरीत कोण, तेही लिहा. महिन्यातून एकदा, तेही सुट्टीच्या दिवशी, त्या नंबरांवर फोन लावून बघा. बदल्यांमुळे यादी किती लवकर जुनी होते ते पहिल्याच फेरीत कळेल. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन नंबर यादीच्या माथ्यावर असू द्या.

अंतराचा हिशेबही याच पानावर हवा. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, वाट घाटाची. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद. अशा वेळी तपासणी कुठल्या रुग्णालयात होईल आणि गाडी कोणाची, हे जून लागण्याआधी ठरवून ठेवा.

आणि हो, समन्वयाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून त्यात मुलीचं नाव, गाव, एफआयआरची प्रत टाकू नका. बालकाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. ग्रुपवर फक्त प्रकरणाचा सांकेतिक क्रमांक द्यावा, नाव कुलपातल्या रजिस्टरमध्ये राहू द्यावं. खात्याची पाटी लावलेली गाडी थेट दारात उभी करणं म्हणजेही ओळख उघड करणंच. पाचशे उंबऱ्यांच्या गावात तेवढं पुरतं.

सगळ्यांनी विचारपूस करणं

मुलगी आधी आशाताईला सांगते. मग मुख्याध्यापक बोलावतात, सरपंच विचारतात, पोलीस पाटील खात्री करतात, आणि ठाण्यात जबाब होईपर्यंत तेच पाच वेळा सांगून झालेलं असतं. दर वेळी वाक्य थोडं बदलतं, आणि कोर्टात बचाव पक्ष नेमका तोच फरक पुढे करतो.

ज्याला पहिल्यांदा कळलं त्याचं काम ऐकून घ्यायचं, चौकशीचं नाही. एवढं म्हटलं तरी पुरे: “तू सांगतलं हे लय चांगलं केलं माय. याच्यात तुही काई चूक नाही.” मूल आता सुरक्षित आहे का, कुठे दुखतं का, आणि हे किती दिवसांपूर्वीचं आहे, एवढंच विचारा. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीतच, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. “ओरडली का नाहीस?”, “आधी का नाही सांगितलं?” हे प्रश्न कोणीही विचारायचे नाहीत. “कोणालाच सांगणार नाही” असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांत इथेच घोळ होतो. “आधी अंतर्गत चौकशी करू, आदिवासी प्रकल्प कार्यालयाला विचारू” म्हणत आठवडा जातो. कलम २१ नुसार माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी पोलीस, मग वरिष्ठ, हा क्रम शाळेच्या भिंतीवर लिहा. जातपंचायतीत किंवा बैठकीत पैसे घेऊन मिटवायचा घाट घातला जात असेल, तर ती माहितीही लगेच तपास अधिकाऱ्याला द्या.

“आधी ठाण्यातून पत्र आणा”

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कलम २७ नुसार एफआयआर नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयाला कुठलाही कागद मागता येत नाही. उपचार मोफत आहेत, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हे माहीत हवं, कारण पहिला नकार तिथूनच येतो.

घाई कशासाठी, तर वेळेच्या मर्यादा कडक आहेत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस. पाळी सुरू झालेल्या मुलीला तातडीची गर्भनिरोधक गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) तशीच लवकर, शक्यतो ७२ तासांत. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घ्यायचे असतात. एचआयव्हीचं औषध जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतं म्हणून पोराला एवढ्या लांब पाठवण्यापेक्षा उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागातच पहिल्या डोसांचा साठा ठेवा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, त्याचा तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवा आणि मुदत संपण्याची तारीख दरमहा बघा.

कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणले जातात. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा सडतो. मुलीला स्वच्छ कागदावर उभं करून कपडे उतरवून घ्या, म्हणजे झडलेला केस किंवा धागा कागदातच राहतो. ओले कपडे सावलीत वाळवा, प्रत्येक कपड्याला वेगळं कागदी पाकीट, वर क्रमांक, तारीख, सही, लाखेचा शिक्का. नमुने गोळा करायचं तयार किट संपलं असेल तर निर्जंतुक स्वॅब, काचपट्ट्या आणि कागदी पाकिटांवर काम भागतं. किट नाही म्हणून परत पाठवणं चालत नाही.

टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी, कुठल्याही कारणाने करू नका. ती करणं गैरवर्तन मानलं जाईल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावलं आहे. विदर्भाला तर हा विषय नवा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारग्रस्तांच्या वैद्यकीय तपासण्यांचा दर्जा किती वाईट आहे हे अभ्यासातून मांडलं होतं, आणि नागपूर खंडपीठापुढे तो विषय जनहित याचिकेतून गेला होता. अहवालात “जखम नाही, म्हणजे अत्याचार नाही” असं कधीही लिहू नका. बऱ्याच मुलांच्या शरीरावर काहीच खूण सापडत नाही. १२ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घ्यावी, त्याखाली पालकांची. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, विश्वासाचं माणूस सोबत ठेवून. आणि मुलग्यांवरही अत्याचार होतात. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, तेव्हा मुलग्याला मलमपट्टी करून घरी पाठवणं हाही उपचार नाकारणंच आहे.

दुभाषी म्हणून जो जवळ असेल तो

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, यवतमाळच्या झरी-केळापूर पट्ट्यात कोलामी. जबाबाच्या वेळी वसतिगृहाचा शिपाई किंवा आरोपीच्या भावकीतला माणूस दुभाषी बसवला जातो. त्याच्यासमोर मूल तोंड उघडत नाही. उघडलं तरी तो लाजेपोटी अवयवांची नावं गाळतो आणि जबाबात “वाईट काम केलं” एवढंच उतरतं, ज्यावरून कुठलं कलम लागतं हेच ठरत नाही. प्रत्येक भाषेसाठी दुसऱ्या तालुक्यातल्या किमान दोन स्त्रियांची नावं बाल संरक्षण कक्षाच्या यादीत ठेवा. मूल म्हणेल तोच शब्द सांगायचा, आपल्या मनाने सभ्य करायचा नाही, हे त्यांना आधी शिकवा. मानधन वेळेवर द्या, नाहीतर दुसऱ्यांदा कोणी येत नाही. मूकबधिर किंवा मतिमंद मुलांसाठी विशेष शिक्षकही याच यादीत.

सरसकट बालगृहात

आरोपी त्याच घरात राहत असेल, मूल संस्थेत असेल किंवा घरचा आधारच नसेल, तर पोलीस २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात आणि समिती तीन दिवसांत निर्णय घेते. बाकी प्रकरणांत आईपासून तोडून मुलीला जिल्ह्याच्या बालगृहात टाकणं म्हणजे तिलाच शिक्षा. आश्रमशाळेतही हलवायचं ते आरोपीला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून हातात देऊ नका. समितीची बैठक त्या दिवशी नसेल तर एका सदस्यासमोरही मूल हजर करता येतं.

सहायक व्यक्ती कागदावर, पैसे अडकलेले

पोक्सो नियम २०२० नुसार बालकल्याण समिती सहायक व्यक्ती नेमते. तपासापासून निकालापर्यंत तिने सोबत राहायचं आणि समितीला दरमहा अहवाल द्यायचा. चूक दोन प्रकारे होते. एक तर नेमणूक जबाब होऊन गेल्यावर होते, किंवा जिल्ह्यात दोघीच असतात आणि प्रत्येकीच्या माथी डझनावारी प्रकरणं. समुपदेशक आणि सहायक व्यक्ती एकच ठेवू नका. जिच्यापाशी मूल मन मोकळं करतं तिनेच कोर्टाच्या तारखांना न्यायचं, हा गोंधळ पोराला झेपत नाही.

कापूस वेचणीच्या हंगामात तारखेला यायचं तर आई-बापाची मजुरी बुडते. घरचे साक्षीतून माघार घेतात आणि केस फिरते, त्यामागे धमकीइतकीच ही बुडालेली मजुरीही असते. अन्न, कपडे, प्रवासासाठी तातडीच्या मदतीची शिफारस समिती करू शकते, आणि ती रक्कम आठवड्यात मिळायला हवी. मनोधैर्य या राज्य सरकारच्या अत्याचारग्रस्तांसाठीच्या भरपाई योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तो निकालापर्यंत थांबवायचा नसतो, अंतरिम भरपाई आधी मागता येते. कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचं आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची मदत वेगळी. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यातलं नाव जुळत नसल्याने अर्ज लटकतात. ते पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करायला घ्या.

“समुपदेशन झाले”

एका भेटीनंतर हा शेरा मारून फाइल बंद होते. पहिले तीन महिने तरी पंधरवड्याला भेट हवी, आणि ती शक्यतो तालुक्याला, एसटीच्या वेळा बघून. झोप लागते का, अंथरूण ओलं होतं का, शाळेत जातं का, एकटं राहायला घाबरतं का, हे दर भेटीत नोंदवा. आईसाठी वेगळा वेळ ठेवा. ती सावरली नाही तर लेकरू सावरत नाही. घटना पुन्हा वदवून घेणं हे समुपदेशन नव्हे. जीव द्यायची भाषा असेल तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. अधल्यामधल्या वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ उपयोगी पडतो.

कोर्टाची तारीख आणि जामीन

साक्षीच्या आदल्या आठवड्यात मुलाला रिकामी कोर्टरूम दाखवून आणा, आणि आरोपी समोर येणार नाही अशी बसायची जागा सरकारी वकिलांशी बोलून ठरवा. प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात. मध्ये विश्रांती मागता येते, हेही पोराला सांगा. जामीन अर्ज लागला की घरच्यांना कळवायची जबाबदारी पोलिसांची आहे, पण प्रत्यक्षात आरोपी गावच्या एसटीतून उतरला तेव्हाच आईला कळतं. म्हणून सहायक व्यक्तीने प्रकरणाच्या तारखा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दर सोमवारी स्वतः बघाव्यात, आणि जामीन झाला तर त्याच संध्याकाळी घरी फोन, ठाण्याला सुरक्षेचा लेखी अर्ज आणि शाळेला सूचना, ही तिन्ही कामं त्याच दिवशी उरकावीत.