तापी खोऱ्यासाठी भाद्रपदाचा कृषी सल्ला : झड, उघडीप आणि परतीचा पाऊस

पोळा झाला की खान्देशात खरिपाचा सर्वांत नाजूक महिना सुरू होतो. कपाशीवर पाते (कळ्या), फुले आणि हिरवी बोंडे एकाच वेळी असतात, मूग-उडदाच्या शेंगा काळ्या पडू लागलेल्या असतात, मृगबागेची (मृगाच्या पावसात लावलेली) केळी जोमात असते आणि वर आभाळाचा भरवसा नसतो. या महिन्यात एकूण पाऊस किती पडला यापेक्षा दोन पावसांमध्ये उघडीप किती दिवसांची मिळाली आणि तिच्यात आपण कोणते काम आधी उरकले, यावरच पीक हाती लागणे अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबरमधला आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागराकडून येतो. तेथे तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशाकडे सरकते, तेव्हा सातपुड्याच्या पट्ट्यात आणि तापी खोऱ्यात दोन-तीन दिवसांची झड लागते. त्यामुळे उपसागरात असे क्षेत्र तयार झाल्याची बातमी कानावर आली की पुढचे तीन-चार दिवस आपले, असे समजून कामाला लागावे. याच सुमारास उत्तरेत पाऊस माघारी फिरू लागतो. हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर आहे. पूर्वी ती 1 सप्टेंबर होती. मात्र ही बातमी ऐकून आपल्याकडचा पाऊस संपला असे कोणीही धरून चालू नये, कारण आपल्या भागातून तो सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो आणि जाता जाता दुपारनंतर विजांसह बरसतो.

नदीकाठच्या शेतकऱ्यांनी आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा बैतूल-बऱ्हाणपूरकडच्या पावसावर अधिक लक्ष ठेवावे. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून येते आणि पूर्णा विदर्भाचे पाणी घेऊन चांगदेवजवळ तिला मिळते. त्यामुळे गावात ऊन असतानाही तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. काठावरचे वीजपंप, ठिबकचे साहित्य आणि गुरे त्याआधीच वर हलवावीत.

अंदाजात 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतात. इतका पाऊस चोवीस तासांत पडला तर एका एकरावर सुमारे 2 लाख 60 हजार लिटर पाणी येते. काळ्या कसदार जमिनीत ते मुरायला वेळ लागतो, म्हणून कपाशीच्या शेतात उताराच्या दिशेने चर काढून पाण्याला वाट करून देणे हे या महिन्यातले पहिले काम आहे. फवारणी आणि खत हे त्यानंतरचे.

हे काम राहिले की काय होते, ते अनेकांनी पाहिले असेल. पाण्याच्या पंधरा दिवसांच्या ताणानंतर एकदम मोठा पाऊस होतो, लगेच कडक ऊन पडते आणि सकाळी ताठ असलेले झाड दुपारी मान टाकते. पाने गरम पाणी ओतल्यासारखी लोंबतात, पण झाड उपटून पाहिले तर मूळ कुजलेले नसते. ही आकस्मिक मर आहे, बुरशीची मर नव्हे. येथे एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. साचलेले पाणी काढावे आणि 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी सुमारे 150 मिलिलिटर द्रावणाची आळवणी करावी. वेळेवर केल्यास बरीचशी झाडे पुन्हा उभी राहतात.

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून रोज सकाळी पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर फवारणीची वेळ आली असे समजावे. त्याबरोबर शेतात फिरून 20 हिरवी बोंडे तोडून फोडावीत. बोंड बाहेरून निकोप दिसते आणि आत अळी सरकी खात असते, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये. दोन बोंडांत अळी सापडली तरी नुकसानीची पातळी गाठली गेली आहे. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे या टप्प्यावर टाळावीत, कारण त्यांनी पांढरी माशी उफाळते.

मूग आणि उडीद यांच्या बाबतीत एकच सांगणे आहे : सगळ्या शेंगा पिकण्याची वाट पाहू नये. तयार शेंगा उघडीप मिळताच तोडून छपराखाली पातळ पसराव्यात, नाहीतर झडीत दाण्यांना उभ्या पिकातच मोड फुटतात.

रावेर-यावलकडच्या केळीत ढगाळ, दमट हवेने करपा वाढतो. पानाचा करपलेला भाग कापून बागेबाहेर न्यावा आणि पाऊस थांबल्यावर 10 लिटर पाण्यात 10 मिलिलिटर प्रोपिकोनॅझोल व 100 मिलिलिटर मिनरल ऑइल घेऊन फवारावे. हरण्या रोगाचे झाड मात्र वाचवण्याच्या मोहात पडू नये. त्याचा विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो, म्हणून ते मुळासकट उपटून नष्ट करावे आणि बागेत किंवा जवळपास काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत.

दुपारी गडगडाट सुरू झाला की शेतातील काम थांबवावे आणि झाडाखाली उभे राहू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. जिल्हावार कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फवारणीचा दिवस त्यावरूनच ठरवावा.

मुगाखालचे रान मोकळे झाले असेल तर तेथे दादरची (रब्बी ज्वारीची) तयारी करावी. वखराची पाळी देऊन ओल झाकावी, किलोला 4 ग्रॅम गंधक चोळून बियाणे तयार ठेवावे, आणि मध्य सप्टेंबरनंतरच्या पहिल्या चांगल्या वाफशावर (माती ओलसर पण चिखल नाही अशा वेळी) पेरून घ्यावे.