जर्मनीला शिकायला जायचंय? व्हिसाचं काम घरातल्या कागदांपासून सुरू करा

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, हे आता आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक झालंय. (बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना एका सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.) व्हिसाचा विषय निघाला की लातूर-नांदेडची मुलं तरीही एजंटचं दार गाठतात. यातलं एकही काम असं नाही जे विद्यार्थ्याला स्वतः करता येणार नाही. ऑक्टोबरच्या सत्राला जायचं असेल तर आदल्या दिवाळीलाच कामाला लागा.

आधी नावं जुळवा

घरातले सगळे कागद एका सतरंजीवर मांडा: दहावी-बारावीचे मेमो (गुणपत्रिका), टीसी, आधार, पॅन, पदवीचे मेमो. प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर वाचा. आपल्याकडे मेमोवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं; पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. बिघडतं ते मेमोवर वडील ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’ असले की, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त झालं की.

दहावीचा मेमो प्रमाण माना आणि आधार, पॅन, पासपोर्ट त्याप्रमाणे करून घ्या. मेमोच चुकलेला असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या शाळा छत्रपती संभाजीनगर मंडळात येतात. नांदेड आणि धाराशिवच्या लातूर मंडळात. या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. लग्नामुळे किंवा इतर कारणाने नाव खरोखरच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जोडा.

जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर घाबरू नका. नावं २०२३ मध्ये बदलली, तोवरचे कागद तसेच असणार. व्हिसाच्या अर्जात जन्मगाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

एपीएस प्रमाणपत्र

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हे बंधनकारक आहे. एपीएस म्हणजे जर्मन दूतावासाचं कागद तपासणारं केंद्र; तुमच्या पदव्या खऱ्या आहेत याची पडताळणी ते करतं. फी १८,००० रुपये. त्यासाठी प्रत्येक सत्राचा मेमो लागतो, नापास झालेल्या सत्रांचाही. काही लपवू नका. एखादा मेमो हरवला असेल तर विद्यापीठातून दुय्यम प्रत आत्ताच मागवा. नुसत्या बारावीवर जर्मनीत पदवीला सहसा थेट प्रवेश मिळत नाही, हेही आधीच समजून घ्या.

प्रवेशाची शेवटची तारीख अनेक विद्यापीठांत १५ जुलै असते, पण इंग्रजी माध्यमाच्या कित्येक अभ्यासक्रमांची मुदत त्याच्या बरीच आधी संपते.

पैसा: इथेच खरी कसोटी

वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च म्हणून ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरून दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. हा पैसा तुमचाच असतो. तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तो तुम्हालाच मिळतो.

अडचण वेळेची आहे. ही रक्कम लागते जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. सोयाबीनचा पैसा हाती येतो दिवाळीच्या सुमाराला. तेव्हाच काही रक्कम बाजूला ठेवा आणि कर्जाचा अर्जही हिवाळ्यातच करा. शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण थकबाकीत ती सरफेसी कायद्याने (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा बँकांचा कायदा) जप्त करता येत नाही. सातबारा घेऊन हेलपाटे घालण्यापेक्षा एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव आहे का, ते आधी बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात चुकवू नये.

पैसे बाहेर पाठवण्याचं काम तालुक्याच्या शाखेत बहुधा होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची, परकीय चलनाचे व्यवहार करणारी शाखा शोधा. आणि जो एजंट ‘खात्यात दाखवायला पैसे देतो’ म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. खोटा कागद सापडला तर पोराचं वर्ष जातं आणि पुढच्या अर्जावरही डाग राहतो.

अर्ज आणि भेट

‘नॅशनल व्हिसा’ निवडा. ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा काढून गेलात तर शिकायला थांबता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरून कागद अपलोड करायचे, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला व्हीएफएसच्या (दूतावासाच्या वतीने अर्ज घेणारी कंपनी) केंद्रात जायचं. फी ७५ युरो, ती रुपयांत घेतात. सोबत प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, आरोग्य विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आणि हाच अभ्यासक्रम का, हे सांगणारं पत्र. हे पत्र स्वतः लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, कारण विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच पोचा. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या भरवशावर राहू नका.

निर्णयाला कित्येक आठवडे लागू शकतात, तोवर तिकीट काढू नका. नकार आलाच तर १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा मोफत अर्ज बंद झालाय. कारण नीट वाचून, त्रुटी भरून नव्याने अर्ज करावा लागतो, नाहीतर जर्मनीतल्या न्यायालयात जावं लागतं.

पोचल्यावर

हा व्हिसा सहसा काही महिन्यांचाच असतो. राहायच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करायची आणि मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवाना घ्यायचा. त्याच्या भेटीच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून घर मिळालं की त्याच आठवड्यात तारीख मागा. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर घरखर्चाचा हिशोब बांधू नका.