निफाडच्या थंडीत पिकअपसाठी जंप स्टार्टर
जानेवारीत निफाडकडं पारा उतरला की आमची डिझेल पिकअप पहाटे नुसती कट्कट् करते, सेल्फ फिरतच नाही, आणि मागं द्राक्षाचे क्रेट भरलेले असले की जीव टांगणीला. शेवटी जंप स्टार्टर घेतला, म्हणजे गाडीची बॅटरी दमली की बाहेरून जोर देऊन इंजिन चालू करणारी हातात मावणारी बॅटरी. बॉक्सवरच्या पीक अँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका राव, तो क्षणभराचा असतो, क्रँकिंग करंट, म्हणजे सेल्फ फिरवताना खरोखर मिळणारा करंट, किती ते विचारा, डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून त्याला पेट्रोलपेक्षा जास्तच लागतो. क्लिपा उलट्या लागल्या तर वाचवणारं प्रोटेक्शन हवंच हवं. लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, काळी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, मग सेल्फ. मळ्यातल्या सेल्फवाल्या जनरेटरची बॅटरीपण १२ व्होल्टचीच, तिलाही चालतो. चार्जिंग तेवढं अधूनमधून बघायचं, आणि उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये अजिबात ठेवायचा नाही, आत लिथियम बॅटरी असते.