नव्या रिव्हॉल्वरमध्ये दोष निघाला तर या चुका टाळा

मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून शस्त्रपरवाना हातात पडेपर्यंत अर्जदाराचा धीर इतका संपलेला असतो की दुकानात गेल्यावर तो रिव्हॉल्वर तपासत नाही, नुसते न्याहाळतो. पॉलिश पाहतो, मूठ हातात नीट बसते ना ते पाहतो, परवान्यावर नोंद करून घेतो आणि निघतो. परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात अशी घाईने घेतलेली शस्त्रे सतत हाताखालून गेल्यामुळे मी खात्रीने सांगतो की नव्या रिव्हॉल्वरमधले बरेचसे दोष विक्रेत्याच्या काउंटरवरच पकडता येतात. तिथे सापडलेला दोष विक्रेत्याची जबाबदारी असतो. एकदा क्रमांक परवान्यावर चढला की ते शस्त्र मिक्सरसारखे उद्या बदलून मिळत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, जुळणीकडे. शस्त्र रिकामे आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे अडकेपर्यंत सिलिंडरही जागच्या जागी पक्का बसलेला असला पाहिजे. तसा तो बसला नसेल आणि बोटाने किंचित ढकलल्यावर 'टक्' असा आवाज करून बसत असेल, तर ते घर, म्हणजे काडतुसाचा तो कप्पा, नळीशी उशिरा जुळते आहे. ही तपासणी सहाच्या सहा घरांसाठी करावी, कारण सिलिंडरच्या मागच्या चकतीवर प्रत्येक घरासाठी वेगळा दाता असतो आणि पाच दाते अचूक असून सहावा आखूड असू शकतो. दोन घरे पाहून समाधान मानणारे ग्राहक मला दर मोसमात भेटतात. अशा उशिरा जुळणाऱ्या घरातून सुटलेली गोळी नळीच्या तोंडाशी सरळ न शिरता कडेला घासते, तिचे शिसे सोलले जाते आणि त्याचे कण सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडतात.

याच दोषाचे एक प्रकरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. मुलुंडच्या एका व्यापाऱ्याच्या नव्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्वरमध्ये एकच घर उशिरा जुळत होते. ते विक्रेत्याकडे परत नेले असते तर काम झाले असते, पण पुन्हा अर्ज-विनंत्या नकोत म्हणून त्यांनी ते कुर्ल्याच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे नेले. तो कारागीर यंत्रांच्या सुट्या भागांत निष्णात होता, मात्र रिव्हॉल्वर त्याने कधी उघडले नव्हते. सिलिंडर पुढे ढकलणाऱ्या पोलादी तुकड्याचे टोक खरखरीत दिसले म्हणून त्याने ते कानशीने गुळगुळीत केले. तो तुकडा केसभर आखूड होताच सहाही घरे उशिरा जुळू लागली. नेमबाजीच्या रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या सभासदाच्या हातात शिशाची कपची घुसली, तेव्हा कुठे ते शस्त्र आमच्याकडे आले. टोकावर कानशीचे चरे स्पष्ट दिसत होते आणि त्या चऱ्यांमुळे वॉरंटीचा दावा तिथेच संपला. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे बिचारा लेथवालाही नाहक अडचणीत आला. "साहेब, जरासा हात फिरवला" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. रिव्हॉल्वरमधून काढलेले पोलाद परत बसवता येत नाही, आणि ज्यांना एवढा धीर धरवत नाही त्यांनी शस्त्र बाळगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक रेंजवर घडते आणि ती अधिक धोक्याची आहे. चाप ओढला, घोडा पडला, पण बार उडाला नाही, की नवशिका लगेच पुन्हा चाप ओढतो. रिव्हॉल्वरमध्ये त्यामुळे सिलिंडर पुढे सरकतो आणि न उडालेले काडतूस नळीच्या समोरून बाजूला जाते. ते काडतूस उशिरा पेट घेणारे असेल, तर बार नळीबाहेरच उडेल. म्हणून नळी लक्ष्याकडेच रोखून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच सिलिंडर उघडावा. त्यानंतर काडतुसाच्या टोपीवरची खूण पाहावी. खूण उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग किंवा आत साठलेले ग्रीस यांचा संशय घ्यावा. ती मध्यभागी नसेल तर दोष जुळणीत असू शकतो, आणि खोल व मध्यभागी असेल तर बहुधा काडतूसच खराब आहे. मी सिलिंडरच्या एका घराशी खडूची खूण करतो आणि सहा रिकामी आवरणे त्याच क्रमाने ओळीने मांडतो, म्हणजे दोष नेमक्या कोणत्या घरात आहे ते विक्रेत्याला दाखवता येते. बार उडाल्याचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र तिथेच थांबावे, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते.

कारखान्यातून आलेले साठवणीचे घट्ट ग्रीस न पुसताच चाप जड असल्याची तक्रार करू नये. वेब्ली धाटणीचे, मधून वाकवून उघडणारे रिव्हॉल्वर असेल तर बंद केल्यावर नळी आणि सांगाडा यांच्या सांध्यात हालचाल जाणवता कामा नये, आणि २०२३ साली आलेल्या 'प्रबळ'सारखे सिलिंडर बाजूला उघडणारे असेल तर त्याचा आस वाकडा नाही ना ते पाहावे. सिलिंडर व नळी यांच्यामधली फट साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी, डोळ्यांनी अंदाज करू नये. पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवून गंज चढवलेले शस्त्र 'कारखान्याचा दोष' म्हणून घेऊन येऊ नये.

तक्रार नेहमी लेखी करावी. तीत शस्त्राचा क्रमांक, बिलाची तारीख आणि कोणत्या घरात काय घडते याचा उल्लेख असावा, आणि शस्त्र ताब्यात देताना शिक्क्याची पावती घ्यावी. ड्रायव्हरच्या हातात पिशवी देऊन शस्त्र दुकानात पाठवणे ही तर अक्षम्य बेफिकिरी आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी शस्त्र नेण्याची सवलत आहे, पण नाकाबंदीत ते पत्र दाखवता आले नाही तर त्या ड्रायव्हरची रात्र पोलीस ठाण्यात जाते. स्वतः जाणे शक्य नसेल तर सहीचे पत्र आणि परवान्याची प्रत त्याच्याजवळ द्यावी, आणि काडतुसे घरीच कुलपात ठेवावीत.