सेन्सरचं रेझोल्यूशन मोजताय? या चुका टाळा

२४ मेगापिक्सेल हा आकडा सेन्सरवर पिक्सेल किती, एवढंच सांगतो. बारीक तपशील प्रत्यक्षात किती टिकतो हे पाहायला आयएसओ १२२३३ मानकातली तिरक्या कडेची पद्धत उत्तम. गडद आणि फिकट पट्ट्यांमधली सरळ कड सुमारे ५ अंश कलती ठेवून फोटो घ्यायचा. तपशील बारीक होत जाताना कॉन्ट्रास्ट किती उरतो, याचा आलेख (एमटीएफ) सॉफ्टवेअर काढून देतं.

सर्वांत घातक चूक म्हणजे कॅमेऱ्यातली तयार जेपीईजी मोजणं. तिच्यात शार्पनिंग झालेलं असतं. आलेख खाली येण्याआधी १ च्या (म्हणजे पूर्ण कॉन्ट्रास्टच्या) वर उसळला, किंवा कडेलगत उजळ झालर दिसली, तर तो आकडा सरळ टाकून द्या. तो सेन्सरचा नाहीच, प्रक्रियेचा आहे. रॉ फाइल (सेन्सरचा प्रक्रिया न झालेला डेटा) घ्या आणि शार्पनिंग, नॉइज रिडक्शन, टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचा फेरबदल) सगळं बंद करा. काही रॉ कन्व्हर्टर न सांगता थोडं शार्पनिंग करतात, तेही तपासा. फक्त हिरवे पिक्सेल मोजता आले तर फारच छान.

दर फोटोला उत्तर बदलतंय? कड अगदी उभी ठेवली असेल. कलामुळेच प्रत्येक ओळीत कड पिक्सेलच्या वेगळ्या जागी पडते आणि पिक्सेलहून बारीक नमुने मिळतात.

लेन्सकडेही दुर्लक्ष नको. ३.९ मायक्रॉनच्या पिक्सेलची नायक्विस्ट मर्यादा (पिक्सेलना खरा टिपता येणारा सर्वांत बारीक तपशील) मिलिमीटरला सुमारे १२८ रेषाजोड्या (एक गडद, एक फिकट रेषा म्हणजे एक जोडी). पण एफ/१६ वर हिरव्या प्रकाशाचं विवर्तन (लेन्सच्या लहान छिद्रातून जाताना होणारं पसरणं) ११४ च्या आसपासच सगळं संपवतं. म्हणजे तिथे तुम्ही लेन्सच मोजत असता. चांगली लेन्स एफ/४ ते ५.६ वर ठेवून फ्रेमच्या मध्यावर मोजा, फोकस किंचित पुढेमागे करत बरेच फोटो घ्या आणि सर्वोत्तम निवडा. मध्यावरही आडव्या आणि उभ्या कडेचे आकडे वेगळे आले, तर आधी ट्रायपॉड हलल्याचा संशय घ्या.

पांढरा भाग जळू देऊ नका. कड खोटी धारदार होते. घरच्या प्रिंटरवरचा चार्ट जवळून टिपलात तर शाईचा फुगवटाच मोजला जाईल. त्यापेक्षा मागून एकसारखा प्रकाश दिलेलं दाढीचं ब्लेड बरं.

तुलना करताना एकक पाहा. ४००० पिक्सेल उंचीच्या चित्रात प्रतिपिक्सेल ०.३ आवर्तनं (एक आवर्तन म्हणजे एक रेषाजोडी) म्हणजे चित्राच्या उंचीत १२०० रेषाजोड्या, किंवा २४०० रेषा. आणि ०.५ आवर्तनांपलीकडे, म्हणजे नायक्विस्ट मर्यादेपलीकडे, आलेखात कॉन्ट्रास्ट दिसला, तरी तो तपशील म्हणून मोजू नका. फोटोत तो मोआरे म्हणतात त्या खोट्या नक्षीच्या रूपात उतरतो.