गीझर बिघडलाय की व्होल्टेज कमी येतंय? दोन आकडे मोजा, कळेल

चवथीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी पंधराएक माणसं, सगळ्यांना पहाटे आंघोळ करायची, आणि गीझरचं पाणी काही तापेना. काका म्हणाले कॉइल गेली, नवीन आणा. मी म्हटलं थांबा, आधी मोजूया. शाळेतलंच ओहमचं गणित, १८२७ सालचं, पण घरात असं उपयोगी पडतं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

व्होल्टेज मल्टिमीटरने घ्यायचं, एसी रेंजवर, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. करंटसाठी मात्र क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा धरून करंट मोजणारा मीटर, वायरमनकडे असतोच. जबड्यात एकच वायर घ्या, आख्खी केबल धरलीत तर मीटर शून्य दाखवतो कारण जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात (मी पहिल्यांदा हेच केलं आणि मीटरला शिव्या घातल्या). त्यासाठी बोर्ड उघडावा लागतो, सवय नसेल तर ते काम वायरमनलाच करू द्या, पावसात ओल्या हाताने तर अजिबात नको.

आमचे आकडे, गीझर चालू असताना: २०५ व्होल्ट, ७.७५ अँपिअर.

रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, २०५ ÷ ७.७५ = २६.४५ ओहम. पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, २०५ × ७.७५ = साधारण १५८९ वॅट. आता गीझरवरचं लेबल बघा, २३० व्होल्ट, २००० वॅट. लेबलवरून रेझिस्टन्स काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, ५२९०० ÷ २००० = २६.४५. म्हणजे कॉइल ठणठणीत! करंट बराच कमी आला असता तर गोष्ट वेगळी. व्होल्टेज ११ टक्के कमी, पण पॉवर २० टक्क्यांनी घटली, कारण व्होल्टेज पडलं की करंटही पडतो आणि दोन्हीचा फटका एकदम बसतो. जे पाणी २० मिनिटांत तापायचं त्याला आता २५ लागणार.

मग गीझर बंद करून तिथेच परत मोजलं तर २१४. म्हणजे चालू केल्यावर ९ व्होल्ट वाटेत जातात, ९ ÷ ७.७५ म्हणजे १.१६ ओहम वायरिंगमध्ये, आणि ९ × ७.७५ म्हणजे जवळपास ७० वॅट नुसते वायर तापवण्यात. हे सगळ्या वायरीत पसरलेलं असेल तर ठीक, पण एकाच सैल जॉइंटमध्ये असेल तर तो जॉइंट जळतो. मेन बंद करून बघितलं तर सॉकेटमागचा स्क्रू सैल आणि तांब्यावर हिरवा गंज, आपल्याकडची हवाच तशी. साफ करून आवळला, आता गीझर चालू असताना २११ मिळतात, म्हणजे १६८३ वॅट.

हे गणित गीझर, इस्त्री, पाण्यात घालायचा रॉड असल्या तापणाऱ्या वस्तूंना सरळ लागू पडतं. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका, १६ चाच पाहिजे. विहिरीवरच्या पंपाला मात्र नुसता गुणाकार करून खरे वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरने (मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो म्हणून लागणारा, एकापेक्षा कमी असलेला आकडा) पण गुणावं लागतं, आणि भागाकार करून जे ओहम येतात तो वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेचा, रेझिस्टन्स नसतो. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब असेल तर अजून गंमत, हिशोबाने ५२९ ओहम आणि थंड असताना मीटरवर त्याच्या दहाव्या भागाइतकेसुद्धा दिसत नाहीत, टंगस्टन तापला की रेझिस्टन्स वाढतो म्हणून. तो बल्ब खराब समजून फेकू नका.